मोटार कोणत्या कारखान्याची?

कलाशाखेच्या वार्षिकात मोटारींवर लेख कशाला, असा प्रश्न संपादक मंडळाच्या मनात आल्याशिवाय राहिला नसेल. यंत्रातले मला फारसे कळत नाही हेही खरे. परंतु ज्या प्रश्नाचा मी येथे विचार करणार आहे तो यंत्रांपेक्षा माणसांविषयीच्या आपल्या समजुतींचा अधिक आहे, आणि त्या समजुती तपासण्याचा अधिकार कलाशाखेला नसेल तर कोणाला असणार?

वस्तू विकत घेताना 'माल कुठला?' हा प्रश्न आपल्या तोंडी सहज येतो. हापूस देवगडचा की रत्नागिरीचा, चप्पल खरोखर कोल्हापूरची की नुसती तशी दिसणारी, हे विचारल्याशिवाय आपण पैसे काढत नाही. आंब्याच्या बाबतीत हा प्रश्न रास्तच आहे, कारण माती आणि हवा फळात उतरते. मोटारीत माती उतरत नाही. तरीही मोटारीविषयी आपण नेमका तोच प्रश्न विचारतो. १९८३ च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून मारुती बाहेर पडू लागली, तेव्हा आरंभीच्या गाड्यांचे बहुतेक भाग जपानहून खोक्यांत भरून येत आणि येथे फक्त जुळवले जात. पुढे देशी भागांचे प्रमाण वाढत गेले, आणि 'आमची पहिल्या लॉटमधली, अस्सल जपानी मालाची' असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ गल्लोगल्ली दिसू लागले. त्यांच्या वडिलांच्या पिढीत हाच वाद इटलीची फियाट आणि कुर्ल्याची फियाट यांच्यावरून होत असे. अमेरिकेत टोयोटा घेणारा माणूसही गाडी जपानात बनली की केंटकीत, हे डोकावून पाहतोच.

तेव्हा प्रश्न असा: एकच मॉडेल, एकच आराखडा, पण कारखाने दोन. मोटारीच्या बनावटीत फरक पडतो काय? उत्तर आधीच सांगून टाकतो. फरक पडतो, आणि कधीकधी फार मोठा पडतो. मात्र ज्या कारणाने तो पडतो असे आपण धरून चालतो, ते कारण बहुधा चुकीचे असते.

डोकावून पाहण्याची सोय मोटारीतच केलेली असते, ती अशी. १९८१ पासून अमेरिकेत प्रत्येक गाडीला सतरा अक्षर-अंकांचा एक ठरावीक पद्धतीचा क्रमांक असतो, आणि जगात बहुतेक ठिकाणी आता तीच रीत आहे. आपल्याकडे त्यालाच चासी नंबर म्हणतात. त्याचे पहिले अक्षर देश सांगते. जपानसाठी 'जे', जर्मनीसाठी 'डब्ल्यू', मेक्सिकोसाठी '३', अमेरिकेसाठी '१', '४' किंवा '५', आणि भारतात बनलेल्या गाड्यांचा आरंभ 'एम' ने होतो. अकराव्या जागेवरची खूण सहसा कारखान्याची असते. म्हणजे आपल्या गाडीचे जन्मस्थान कुठलाही जिज्ञासू वाचू शकतो. त्या जन्मस्थानावरून पुढे काय निष्कर्ष काढायचा, हा खरा वादाचा विषय.

या वादात एक गोष्ट जवळजवळ प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखी घडून गेली आहे. तिची हकिकत जरा विस्ताराने सांगितली पाहिजे.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट या गावी जनरल मोटर्सचा एक मोठा कारखाना होता. १९६० नंतरच्या दशकात तो सुरू झाला आणि १९८२ साली बंद पडला. त्याची कीर्ती अशी की कंपनीच्या सर्वांत वाईट कारखान्यांत त्याची गणना होई. रोज शंभरांतले वीस कामगार खाडा करीत. सोमवारी सकाळी लाइन सुरू करायला पुरेशी माणसेच नसत, आणि मग समोरच्या दारूच्या गुत्त्यातून माणसे बोलावून आणावी लागत, अशी आठवण त्या काळचे लोक सांगतात. कामावर असतानाही पिणे, जुगार सर्रास चाले. काही कामगार तर रागाने दाराच्या पत्र्याआड रिकामी बाटली टाकून ठेवीत, म्हणजे गाडी घेणाऱ्याला जन्मभर खडखड ऐकू यावी आणि ती कशाची हे मात्र कधी कळू नये. त्यांच्याच युनियनच्या पश्चिम विभागाचे पुढारी ब्रूस ली (हे नटवर्य नव्हेत, नामसाम्य तेवढे) यांनी पुढे स्वतः कबूल केले की अमेरिकेच्या मोटारधंद्यात हा सर्वांत वाईट कामगारवर्ग समजला जाई.

येथवर ऐकून आपल्यातले निम्मे लोक म्हणतील, मग काय, अशा माणसांनी बनवलेली गाडी घेऊ नये हेच बरे. थोडा धीर धरावा.

त्या कारखान्यातला एक नियम लक्षात घेण्याजोगा आहे. असेंब्ली लाइन कोणत्याही कारणाने थांबवायची नाही, हा तो नियम. समोर आलेल्या गाडीत चूक दिसली, बोल्ट बसला नाही, चुकीचा भाग आला, तरी गाडी पुढे गेलीच पाहिजे. लाइन थांबवणाऱ्या कामगाराच्या नोकरीवर गदा येई. मग इंजिन उलटे बसवलेल्या, स्टिअरिंगच नसलेल्या गाड्याही सरकत सरकत शेवटाला पोहोचत, आवारात उभ्या राहत, आणि तेथे दुसरी माणसे त्या उचकटून दुरुस्त करीत. दुरुस्तीच्या या खटाटोपात आणखी काही बिघडे ते निराळेच. कंपनीचा हिशेब गाड्यांच्या संख्येवर होता. चांगल्या गाड्यांच्या संख्येवर नव्हता.

जनरल मोटर्सला लहान गाडी फायद्यात कशी बनवावी हे समजत नव्हते, आणि टोयोटाला आपली पद्धत अमेरिकन कामगारांकडून चालवून घेता येते का हे पाहायचे होते. १९८३ मध्ये दोघांचा करार झाला आणि बंद पडलेला फ्रीमाँटचा कारखाना टोयोटाच्या देखरेखीखाली पुन्हा उघडायचे ठरले. नव्या भागीदार कंपनीला 'नुम्मी' हे नाव मिळाले. तिचे पहिले अध्यक्ष टोयोडा घराण्यातलेच, तात्सुरो टोयोडा. आश्चर्याची गोष्ट म्हणजे नव्या भरतीतील सुमारे पंच्याऐंशी टक्के माणसे जुन्याच कारखान्यातली होती. तीच माणसे, तीच राष्ट्रीय युनियन, तीच इमारत.

त्यांतल्या सुमारे साडेचारशे जणांना, म्हणजे गटप्रमुखांना आणि त्यांच्यावरच्यांना, पाळीपाळीने जपानात ताकाओका येथील कारखान्यात काही आठवडे कामाला पाठवले. तेथे त्यांनी काय पाहिले? छताजवळून एक दोरी गेलेली. कामगाराला अडचण आली, भाग नीट बसेना, की त्याने दोरी ओढायची. गाण्याची एक छोटी धून वाजते, गटप्रमुख धावत येतो, 'काय झाले?' म्हणून विचारतो, आणि दोघे मिळून ती अडचण सोडवतात. ठरल्या वेळात सुटली तर ठीक. नाही तर सगळी लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला कोणी दटावत नाही. फ्रीमाँटहून गेलेल्या अनेकांना याचे नवल वाटले. वीस वर्षे गाड्या बनवूनही 'यात काय सुधारता येईल?' असे त्यांना कोणी विचारलेले नव्हते.

या दोरीचे मूळ कापडाच्या मागात आहे, आणि गिरणगावाच्या मुंबईत वाढलेल्यांना ते समजायला अवघड जाऊ नये. टोयोटाच्या मूळ पुरुषांपैकी साकिची टोयोडा हे मागांचे संशोधक. १९२४ साली त्यांनी सिद्ध केलेला माग धागा तुटताच आपोआप थांबे. धागा तुटल्यावरही चालत राहणारा माग वाईट कापडाचे गज वाढवीत बसतो, हे त्यांचे निरीक्षण. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकले, आणि ते पैसे मुलाच्या मोटारींच्या प्रयोगांना उपयोगी पडले. असो.

१९८४ च्या डिसेंबरात फ्रीमाँटमधून पहिली शेवरोले नोव्हा बाहेर पडली. ती खरे तर टोयोटा कोरोलाचीच बहीण. लवकरच कारखान्यातली गैरहजेरी वीस टक्क्यांवरून दोनतीन टक्क्यांवर आली. मॅसॅच्युसेट्सच्या एम.आय.टी. या संस्थेने पुढे जगभरातल्या मोटार कारखान्यांची तुलना केली. जॉन क्राफसिक हा त्या संशोधकांपैकी एक, आणि तो स्वतः नुम्मीत इंजिनियर होता. १९८६ सालचे त्यांचे आकडे असे. जुन्या पद्धतीने चालणाऱ्या जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम येथील कारखान्यात शंभर गाड्यांमागे जुळणीचे १३० च्या वर दोष निघत. जपानच्या ताकाओकात ४५. आणि फ्रीमाँटमध्ये? तेथेही ४५. एक गाडी जुळवायला फ्रेमिंगहॅममध्ये ३१ तास, ताकाओकात १६, फ्रीमाँटमध्ये १९.

दाराआड बाटल्या टाकणारे हात आणि जपानच्या तोडीच्या गाड्या जुळवणारे हात बव्हंशी एकच होते, हे या आकड्यांमागचे सत्य मला तरी फार बोलके वाटते.

न्यायाने सांगायचे तर हा प्रयोग अगदी निर्भेळ नव्हता. टोयोटाने पत्रे ठोकण्याचा नवा विभाग उभारला होता. इंजिने आणि गिअरबॉक्स जपानहून येत. भरतीच्या वेळी निवड झाली होती, आणि दोन वर्षे घरी बसलेल्या माणसाला नोकरीची किंमत कळलेली असते, हेही विसरून चालणार नाही. परंतु १९८८ च्या सुमारास नोव्हाचा खप घसरला तेव्हा कंपनीने कामगारांना घरी पाठवले नाही. लाइन मंद केली आणि रिकाम्या हातांना शिक्षणाला व सुधारणांच्या कामाला लावले. करारात तसा शब्द दिला होता, आणि तो पाळला गेला. दोरी ओढण्याची हिंमत या शब्दावर उभी असते. चूक दाखवली म्हणून उद्या आपलीच गच्छंती होणार असेल, तर कोण शहाणा दोरीला हात लावील?

गंमत अशी की बाजाराला हे सारे कळलेच नाही. फ्रीमाँटच्या त्याच लाइनवर पुढे शेवरोलेच्या कुटुंबातली 'प्रिझम' आणि टोयोटाची 'कोरोला' या जुळ्या बहिणी एकामागोमाग एक जन्माला येत. आतून जवळपास सारख्या, हात तेच, दोरी तीच. पण अमेरिकन ग्राहक कोरोलासाठी अधिक पैसे मोजी, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारातही प्रिझमचा भाव खाली राही. म्हणजे ज्याला आपण 'गाडीची प्रत' म्हणतो त्यातला बराच भाग बोनटवरच्या बिल्ल्याचा असतो!

जपानी पद्धतीला जपानी किंवा निदान श्रीमंत देशातलाच कामगार हवा, असे कोणी म्हणेल तर त्याला मेक्सिकोतील एर्मोसियो दाखवावे. १९८६ साली फोर्डने तेथे माझदाच्या आराखड्यावर गाड्या बनवायला सुरुवात केली. एम.आय.टी.च्या पाहणीत, नेहमीच्या मोठ्या खपाच्या गाड्या बनवणाऱ्या जेवढ्या कारखान्यांची तपासणी झाली, त्या सर्वांत जुळणीची उत्तम प्रत एर्मोसियोची निघाली. जपानचे कारखानेही मागे पडले. मेक्सिकोत बनलेली गाडी म्हणजे डबडे, असे म्हणणारे अमेरिकन त्यानंतरही तसेच म्हणत राहिले, हे सांगायला नकोच.

याउलट दोरी टांगली म्हणजे झाले, असेही नाही. जनरल मोटर्सने नुम्मीचा धडा आपल्या इतर कारखान्यांत गिरवायचा प्रयत्न केला. दक्षिण कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथे गट पाडले, जपानी शब्द शिकवले. पण साहेब लोकांना संख्याच हवी होती, कामगारांत दोन तट पडले, सुटे भाग वाईट आले तरी पुरवठा करणाऱ्याला जाब विचारण्याची सोय नव्हती. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. भिंतीवर सुविचार लिहून वर्गात शिस्त येत नाही, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको.

फ्रीमाँटचा उत्तरार्धही चटका लावणारा आहे. २००९ मध्ये दिवाळे निघालेल्या जनरल मोटर्सने अंग काढून घेतले, टोयोटाने एकट्याने कारखाना चालवायचे नाकारले, आणि १ एप्रिल २०१० रोजी शेवटची गाडी बाहेर पडली. सुमारे ४,७०० कामगार बेकार झाले. चांगली गाडी बनवणे हे कारखाना टिकण्यास पुरेसे नसते. त्याच वर्षी ती इमारत टेस्ला कंपनीने घेतली. २०१८ मध्ये टेस्लाची मॉडेल ३ घाईघाईने वाढवलेल्या उत्पादनातून, काही काळ तर आवारात उभारलेल्या तंबूतून बाहेर पडत होती. सँडी मन्रो नावाच्या नामांकित इंजिनियरने त्या वेळी एक गाडी सुटी करून पाहिली, आणि पत्र्यांच्या जोडांतील वेड्यावाकड्या फटींवर सडकून टीका केली. पुढे २०२१ मध्ये याच मन्रोशी बोलताना कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी दिलेला सल्ला मोठा मार्मिक आहे: गाडी अगदी आरंभीची घ्यावी, नाही तर उत्पादन स्थिरावल्यावर घ्यावी, मधल्या चढणीच्या काळात बारीकसारीक गोष्टी नीट जमवणे फार कठीण जाते. चासी नंबरातले कारखान्याचे अक्षर तेच, मॉडेल तेच, पण महिना निराळा आणि फटही निराळी.

आता एक वेगळी बाजू. दोन कारखान्यांच्या गाड्यांतला जो फरक आपण कामगाराच्या माथी मारतो, तो पुष्कळदा कामगाराच्या हाती गाडी येण्यापूर्वीच, कागदावर ठरलेला असतो. १९७८ साली फोक्सवॅगनने अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील वेस्टमोरलंड येथे कारखाना काढला. जर्मनीत जी गाडी 'गोल्फ' तीच येथे 'रॅबिट'. अमेरिकन रॅबिट जर्मन गाडीसारखी रस्त्याला धरून चालत नाही, अशी ओरड झाली. चालणार कशी? अमेरिकन गिऱ्हाईकाला आवडेल म्हणून स्प्रिंगा मऊ केल्या होत्या, आतली सजावट एकाच रंगात भडक केली होती. बोल्ट आवळणाऱ्याचा यात काय दोष? तो कारखाना १९८८ मध्ये बंद पडला.

या प्रकारचे याहून गंभीर उदाहरण आपल्या दाराशी आहे, आणि येथे प्रश्न फटींचा किंवा खडखडीचा राहत नाही, जिवाचा होतो. २०१४ च्या जानेवारीत 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेबद्दल शून्य तारे मिळाले. त्यांत पुण्याजवळ चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो होती. 'आपल्याकडे बनवली की अशीच होणार' हे उद्गार तेव्हा किती ठिकाणी निघाले असतील! पण अहवालात दुसरेही लिहिले होते. पोलोचा सांगाडा आघातानंतरही भक्कम राहिला होता. शून्य मिळाले ते एअरबॅग नसल्यामुळे, आणि एअरबॅग नव्हती ती स्वस्त मॉडेलात द्यायची नाही असे कंपनीने ठरवल्यामुळे. पुढे कंपनीने पुढच्या दोन्ही एअरबॅगा सर्व पोलोंत देण्याचे ठरवले, आणि तशा गाडीला त्याच चाचणीत चार तारे मिळाले. चाकणचा कारखाना बदलला नव्हता. तळेगाव-खेडकडून बसने पाळीवर येणारी पोरे बदलली नव्हती. त्या पोरांना पहिल्या वेळी कोणी शून्य दिले, हा प्रश्न म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो.

कुर्ल्याच्या फियाटकडेही याच नजरेने पाहावे असे वाटते. साठच्या दशकाच्या आरंभीचा इटालियन आराखडा घेऊन प्रीमियर कंपनीने ती गाडी, पुढे पद्मिनी या नावाने, २००० सालाच्या आसपासपर्यंत बनवली. परदेशी गाड्यांना दारे बंद, उत्पादनावर परवान्यांचे बंधन, आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणारे गिऱ्हाईक. वाट पाहणारा माणूस दाराची फट मोजत नाही. गाडी मिळाली यातच त्याला सत्यनारायण घातल्याचे पुण्य लाभते. अशा स्थितीत ट्यूरिनचे कसबी कामगार आणून कुर्ल्यात उभे केले असते, तरी त्यांच्या हातून वेगळे काय घडले असते? मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी त्या गाड्या दशकानुदशके रस्त्यावर धावत्या ठेवल्या, ही गोष्ट वेगळी, आणि तिच्यावर स्वतंत्र लेख व्हावा.

मग जुनी गाडी घेणाऱ्याने काय पाहावे? चासी नंबर जरूर वाचावा. पण त्यातल्या देशाच्या अक्षरापेक्षा सालाचे अक्षर अधिक उपयोगी पडेल. ते दहावे असते, मात्र भारतातल्या सगळ्याच कंपन्या ती रीत पाळत नाहीत. मॉडेल नवीन निघाल्यावर किती महिन्यांची ही गाडी, हे विचारावे. ज्या बाजारासाठी ती बनली त्या बाजारासाठी कंपनीने काय काय गाळले, हे तर अवश्य विचारावे. बोनट आणि मडगार्ड यांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे बोट फिरवून पाहावे. त्याला इंजिनियर असावे लागत नाही.

आणि 'कुठली?' हे विचारायचेच असेल तर आणखी एक नोंद करून ठेवावी. अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या रांजणगावी, फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात, २०१७ पासून जीप कंपास ही गाडी बनू लागली, आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या देशांना येथून तिची निर्यात सुरू झाली. त्या देशांत ऑस्ट्रेलिया आहे, इंग्लंड आहे आणि जपानही आहे. तिकडच्या कोणा चोखंदळ गृहस्थाने काचेखालचा क्रमांक वाचला, तर त्याला पहिले अक्षर 'एम' दिसते.